गोळी साखरेची, कात्रण माझं

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा. पण घरात कुणाची बीपी, शुगर किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर वाचाच.

गेला दीड महिना आपल्या गावच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जुन्या कात्रणाचा फोटो फिरतोय. मथळा आहे, 'गोळी साखरेची, पण आयुष्य वाढले!' खालचा मजकूर असा, की अमेरिकेत हृदयरोग्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या, ज्यांनी त्या श्रद्धेने घेतल्या ते जगले आणि ज्यांनी टाळाटाळ केली त्यांच्यात मरणाचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. फोटोखाली कुणीतरी पदरचं वाक्य जोडलंय, 'औषध कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.'

कात्रणावर नाव नाही. पण ते मी लिहिलेलं आहे.

२००६ च्या आसपासची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका दैनिकात चिकटलो होतो. रविवारच्या पानावर चौकट रिकामी होती आणि संध्याकाळी सहापर्यंत मजकूर हवा होता. सायबर कॅफेत बसून एक इंग्रजी लेख वाचला. अर्धा समजला, त्या अर्ध्याची चौकट केली. 'श्रद्धेने' हा शब्द मूळ लेखात नव्हता, तो माझा. सोमवारी दोघा-तिघांनी फोन करून शाबासकी दिली आणि मी विषय विसरलो.

आता आमच्या गल्लीतले अण्णा. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेली, सकाळी फिरायला जाणारे, तंबाखू सोडलेले. काकूंनी मला परवा दारात थांबवून सांगितलं, की यांनी महिन्यापासून बीपीची गोळी बंद केलीय. मी विचारायला गेलो तर अण्णा म्हणाले, "अरे, घेतली तरी तेच, नाही घेतली तरी तेच. मला काय होत नाही. आणि पेपरातच आलंय की, सगळा मनाचा खेळ आहे." मोबाईल काढून त्यांनी मलाच माझं कात्रण दाखवलं.

त्या रात्री मी मूळ प्रकरण पहिल्यांदा नीट वाचलं. वीस वर्षं उशिरा.

तर मंडळी, ते आकडे खरे आहेत. गडबड आकड्यांत नाही, माझ्या मथळ्यात आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत हार्ट ॲटॅकने माणसं पटापट जात होती. रक्तातलं कोलेस्टेरॉल औषधाने खाली आणलं तर मरण लांबतं का, हे बघायला १९६६ साली 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' नावाचा मोठा प्रयोग सुरू झाला. ५३ केंद्रं, ८,३४१ पुरुष, सगळे ३० ते ६४ वयाचे, सगळ्यांना आधी एक तरी झटका येऊन गेलेला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काहींना क्लोफिब्रेट, काहींना नायासिन, काहींना थायरॉइडसारखं एक औषध, काहींना चक्क स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेन, आणि २,७८९ जणांना नुसती दिसायला औषधासारखी असलेली, आत औषध नसलेली कॅप्सूल. यालाच प्लासिबो म्हणतात. आपल्याला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही.

इस्ट्रोजेन आणि थायरॉइडवाले गट मध्येच बंद करावे लागले, कारण फायद्याऐवजी अपाय दिसायला लागला. क्लोफिब्रेटचा निकाल १९७५ मध्ये आला, तो निराशेचा. पाच वर्षांत क्लोफिब्रेट घेणाऱ्यांपैकी २०.० टक्के गेले, प्लासिबोवाल्यांपैकी २०.९ टक्के. म्हणजे औषध घेतलं काय न घेतलं काय, सारखंच.

त्यावर कुणालाही सुचेल असा प्रश्न पुढे आला. औषध नियमित घेतलंच नसेल तर गुण कसा येणार? नियमित घेणाऱ्यांचा हिशोब वेगळा काढा की! काढला. सांगितलेल्या गोळ्यांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतल्या त्यांना नियमित धरलं, बाकीचे अनियमित. क्लोफिब्रेटच्या नियमित लोकांत पाच वर्षांतले मृत्यू १५.० टक्के, अनियमित लोकांत २४.६ टक्के.

इथे क्षणभर थांबा. त्या काळी एखाद्या विक्रेत्याच्या हातात फक्त हे दोन आकडे पडले असते तर काय झालं असतं? 'नियमित घ्या, मृत्यूचा धोका टाळा' म्हणून रंगीत पत्रकं छापली असती, आणि आकडा तर खोटा नव्हताच.

पण संशोधकांनी तोच हिशोब प्लासिबोच्या गटाचाही काढला. ज्या कॅप्सूलमध्ये औषधच नाही ती नियमित घेणाऱ्यांत मृत्यू १५.१ टक्के. अनियमित घेणाऱ्यांत २८.२ टक्के.

१९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापून आलं. ते वाचून अनेकांचा तोच समज झाला असणार जो २००६ मध्ये माझा झाला, की मनाने धरलं तर रिकामी कॅप्सूलही तारते. संशोधकांनी मात्र तसं अजिबात लिहिलेलं नाही. त्यांनी दोन्ही गटांतल्या लोकांची वयं, बीपी, सिगारेट, हृदयाची अवस्था अशा ४० गोष्टी जमेस धरून आकडे पुन्हा जुळवले. तरी फरक उरला, १६.४ आणि २५.८. त्यांचा निष्कर्ष एवढाच, की रुग्ण स्वतःच्या वागण्याने जे गट पाडतो त्यांची तुलना करून औषधाचा गुण ठरवू नका, फसाल.

का फसाल? आपल्याकडे वैद्य औषधाबरोबर पथ्य सांगायचे. तेलकट नको, आंबट नको, जागरण नको. वर्षभर न चुकता पथ्य पाळणारा माणूस कसा असतो हे आपण जाणतो. त्याचं बाकीचंही बरंच नीट असतं. वेळेवर जेवतो, कुणीतरी त्याला वाढणारं असतं, खिशात दोन पैसे असतात, डॉक्टरकडे जायला गाडी असते, मन ठिकाणावर असतं. आणि जो गोळ्या चुकवतो? तो आळशीच असेल असं नाही. कदाचित आधीच खचलेला असेल, एकटा असेल, दारू असेल, किंवा आजारच इतका बळावलेला असेल की गोळी गिळवत नाही. म्हणजे गोळी चुकली म्हणून तो मेला असं नसून, मरणाकडे झुकला होता म्हणून गोळी चुकली, असंही असू शकतं. १९८० च्या कागदावर या सगळ्याची नोंद कुठून असणार?

याचा सगळ्यात मजेशीर पुरावा कॅनडातला आहे. २००९ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या १ लाख ४१ हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या घेणारे. जे नियमित घेत होते त्यांना रस्त्यावरचे अपघातसुद्धा कमी झाले होते! आता कोलेस्टेरॉलची गोळी काय ब्रेक दाबायला मदत करते? गोळी वेळेवर घेणारा माणूस गाडीही जपून चालवतो, इतकंच ते.

२००६ साली, म्हणजे मी ती चौकट लिहिली त्याच सुमाराला, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये असे २१ अभ्यास आणि ४६ हजारांवर रुग्ण एकत्र करून केलेला हिशोब आला होता. प्लासिबो नियमित घेणाऱ्यांत मृत्यू कमी, हे त्यातही दिसलं. पण त्याच्याच शेजारी दुसरी ओळ होती. जी औषधं पुढे अपायकारक ठरली ती नियमित घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते. गोळीत जे असतं ते आपलं काम करतं, बरं किंवा वाईट. माझं कात्रण खरं असतं तर तिथेही श्रद्धेने तारलं असतं की.

आणि २०१६ मध्ये दोन अभ्यासकांनी त्या जुन्या अमेरिकन प्रयोगाची मूळ माहिती काढून नव्या पद्धतीने पुन्हा हिशोब मांडला. माणसाची तब्येत मधल्या काळात कशी बदलत गेली आणि त्यानुसार त्याचं गोळ्या घेणं कसं बदललं, हेही धरलं. प्लासिबोच्या नियमित आणि अनियमित लोकांमधलं ते मोठं अंतर बरंचसं विरून गेलं. म्हणजे जी 'जादू' मी मथळ्यात घातली तिचा मोठा भाग साधा हिशोबाचा खड्डा होता.

मग प्लासिबो म्हणजे सगळी थापच का? नाही. इथे दुसऱ्या टोकाला जायचं कारण नाही.

आपल्याकडे 'हातगुण' म्हणतात. अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे. सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही, सलाईन लावल्यावर उठून बसतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं आहे. अमेरिकेतले हेन्री बीचर नावाचे भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करून आले होते. त्यांनी १९५५ मध्ये लेख लिहिला की प्लासिबोने साधारण ३५ टक्के रुग्णांना आराम पडतो. हा आकडा पुढे पन्नास वर्षं सगळीकडे फिरला, आपल्या ग्रुपवर फिरतात तसाच. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्या ३५ टक्क्यांत आपोआप बरे होणारे पुष्कळ होते. सर्दी सात दिवसांत जातेच, मग त्या सात दिवसांत तुम्ही काढा प्या नाहीतर गंडा बांधा. २००१ मध्ये डेन्मार्कच्या दोघांनी प्लासिबो दिलेले आणि काहीच न दिलेले रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. फरक फारसा नव्हता. जो थोडा दिसला तो प्रामुख्याने वेदनेत, म्हणजे रुग्ण स्वतः सांगतो त्या त्रासात.

आणि वेदनेतला फरक खोटा नाही. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवरचा एक प्रयोग आला. प्लासिबोने ज्यांचं दुखणं कमी झालं त्यांना शरीरातल्या अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम अडवणारं औषध दिलं, तर दुखणं परत वाढलं. म्हणजे 'आता बरं वाटेल' या अपेक्षेने शरीर स्वतःचं वेदनाशामक सोडतं. आजी कपाळावर हात ठेवायची तेव्हा डोकं थांबायचं, ते उगाच नव्हतं.

पण याची हद्द कुठे संपते ते २०११ च्या दम्याच्या प्रयोगात फार स्वच्छ दिसतं. त्याच रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी खरा पंप, रिकामा पंप, खोटं ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही, असं दिलं. बरं किती वाटलं, विचारलं. खऱ्या पंपाला ५० टक्के, रिकाम्याला ४५, खोट्या सुयांना ४६, काहीच नाही तेव्हा २१. जवळजवळ बरोबरी. मग फुप्फुसं यंत्राने मोजली. खऱ्या पंपाने श्वास २० टक्क्यांनी सुधारला होता, बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्के. रुग्ण म्हणतोय मोकळं वाटतंय, आणि छाती तेवढी मोकळी झालेलीच नाही. हे वाचून मला घाम फुटला. दम्याचा माणूस घरी बसून 'आता बरं आहे' म्हणत राहिला तर?

अण्णांच्या बीपीचं याहून अवघड. दम्यात निदान धाप कळते. बीपी कळतच नाही. वाढलं तरी काही वाटत नाही, उतरलं तरी वाटत नाही. आणि आपल्याला सवय अशी, की औषध घेतल्यावर काहीतरी वाटलं पाहिजे. 'मला काय होत नाही' या वाक्यात अण्णांनी सगळं सांगितलं होतं. ज्या गोळीकडून काही जाणवण्याची अपेक्षा धरायची नसते, तिच्याकडून ती धरली आणि मग गोळीच सोडली.

हे भारतात आधी क्षयरोगात नीट तपासलं गेलं. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगाचं संशोधन केंद्र उघडलं. तेव्हा समजूत अशी की क्षयाला सॅनेटोरियमच हवं, चांगली हवा, दूध-अंडी, विश्रांती. केंद्राने १९३ गरीब रुग्ण घेतले, निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये, निम्म्यांना त्यांच्या गर्दीच्या घरांतच ठेवून वर्षभर औषधं दिली. १९५९ मध्ये निकाल आला, घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. हवा-विश्रांतीच्या जुन्या श्रद्धेला तो मोठा धक्का होता.

पण त्या केंद्रातल्या वॉलेस फॉक्स यांना दुसरीच काळजी लागली. रुग्ण काही आठवड्यांत खोकला थांबला, ताप गेला, वजन भरलं की गोळ्या सोडत होते. विचारलं तर 'घेतो की' म्हणायचे. म्हणून अचानक घरी जाऊन गोळ्या मोजायच्या आणि लघवी तपासायची, म्हणजे औषध पोटात गेलं की नाही ते कळेल. गंमत बघा, इथे खऱ्या औषधानेच बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं म्हणूनच उपचार अर्धवट सुटत होता. जंतू आत तसेच. पुढे आरोग्य सेविकेसमोर गोळी गिळायची पद्धत जगभर आली, तिचं एक मूळ मद्रासच्या त्या कामात आहे. आपल्या तालुक्यातही रुग्णाच्या नावाचा औषधांचा डबा आशाताईंकडे असायचा, जुन्या लोकांना आठवत असेल.

अपेक्षा उलटीही चालते, ते लंडनचं २०२० चं प्रकरण सांगून मूळ मुद्द्यावर येतो. स्टॅटिनने अंग दुखतं म्हणून गोळ्या सोडलेले ६० जण घेतले. प्रत्येकाला १२ बाटल्या दिल्या, चार स्टॅटिनच्या, चार प्लासिबोच्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक. रोजचा त्रास शंभरपैकी किती, ते मोबाईलवर नोंदवायचं. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ आणि प्लासिबोच्या महिन्यांत १५.४. त्रास खरा होता, नाटक नव्हतं. पण त्यातला सुमारे ९० टक्के गोळी घेण्यानेच होत होता, गोळीतल्या औषधाने नाही. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आलेख दाखवला आणि समजावलं. निम्म्या लोकांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. कुणी दटावलं नाही, घाबरवलं नाही. ज्याचे आकडे त्याच्या हातात दिले.

मी अण्णांच्या बाबतीत हेच करून पाहिलं. लेक्चर दिलं नाही. आधी कबूल केलं, की ते कात्रण माझं आहे आणि चुकीचं आहे. अण्णा दोन मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तू छापायचं आणि आम्ही मरायचं?" बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीवर बसवून तपासायला नेलं. वरचं १७८, खालचं १०२. अण्णांनी मशीन बिघडलंय म्हणून दुसऱ्या हातावर घ्यायला लावलं. १७६.

तिथे बाकावर बसल्या-बसल्या आणखी एक कळलं, जे मला काकूंनी सांगितलं नव्हतं. आधी गोळ्या दहा-दहा दिवसांच्याच मिळत होत्या. दर दहा दिवसांनी रांग, कधी 'स्टॉक नाही, सोमवारी या', कधी नेहमीची पांढरी सोडून गुलाबी गोळी हातात, आणि का बदलली ते सांगायला कुणाला वेळ नाही. गोळी बदलली की अण्णांना चक्कर आल्यासारखं वाटायचं. कात्रण यायच्या आधीच ते निम्म्या गोळ्या चुकवत होते. कात्रणाने फक्त कारण पुरवलं. भारतात २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाबासाठी राष्ट्रीय पातळीवरचा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रही होता. त्याचा एक साधा भाग असा, की रुग्णाला महिन्याच्या गोळ्या एकदम द्या, त्याच त्या द्या आणि घराजवळ द्या. आपल्या गावात महिन्याच्या गोळ्या का मिळत नाहीत, हे मी गेल्या आठवड्यात लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.

अण्णांच्या गोळ्या सुरू झाल्यात. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारायला लावलीय आणि शेजारी आठवड्याच्या बीपीचा आकडा. काल १४८ होतं. अण्णांनी मला हाक मारून दाखवलं आणि विचारलं, "ही नक्की साखरेची नाही ना रे?"

कात्रण अजून फिरतंय. ज्या ग्रुपवर दिसेल तिथे ही पोस्ट त्याच्याखाली टाका, माझं नाव काढू नका. आणि तुमच्या भागात गोळ्या किती दिवसांच्या मिळतात, ते कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव आणि दिवस, एवढंच. यादी करून घेऊन जायचीय.